जीवनकौशल्य शिक्षणाची चिकित्सा : केडगाव व पाबळ येथील प्रयोगांच्या संदर्भात

प्रास्ताविक

गेल्या तीन दशकांत आपल्याकडील शिक्षणविषयक लेखनात 'जीवनकौशल्ये' ही संज्ञा चांगलीच रूढ झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये शाळांमधील जीवनकौशल्य शिक्षणासंबंधीचा मार्गदर्शक दस्तऐवज सिद्ध केला. स्व-जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णयक्षमता, समस्या निराकरण, परिणामकारक संप्रेषण, आंतरव्यक्तिक संबंध, ताणतणावांचे समायोजन आणि भावनांचे समायोजन ही दहा कौशल्ये त्यानंतर जगभरच्या अभ्यासक्रमांत पोहोचली. किशोरवयीनांचे आरोग्य, व्यसनाधीनता, एड्स हे प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होते. त्यामुळे या कौशल्यांची मांडणी मुळात प्रतिबंधक आरोग्यविचारातून झाली, ही गोष्ट आपल्याकडील बी.एड.च्या पुस्तकांतून सहसा सांगितली जात नाही. महाराष्ट्रात साधारण त्याच काळात, १९९७ पासून, मूल्यशिक्षणाला शाळेच्या वेळापत्रकात स्थान मिळाले आणि वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलता यांसारखी मूल्ये परिपाठात आली. फेब्रुवारी १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्याधारित शिक्षणाविषयीचा अहवाल सादर केला. सत्य, सदाचरण, शांती, प्रेम व अहिंसा या पाच मूल्यांवर त्याचा भर होता. एक प्रवाह आरोग्यशास्त्रातून आला, दुसरा नीतिशास्त्रातून. आज हे दोन्ही प्रवाह एकाच कार्यशाळेत व एकाच हस्तपुस्तिकेत नांदताना दिसतात.

या विषयावर आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन पुरस्काराचे आहे. 'काळाची गरज' या शब्दांनी सुरू होऊन त्याच शब्दांनी ते संपते. प्रस्तुत लेखात या शिक्षणाची थोडी चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी निकष बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुक्यांत, सुमारे पंच्याऐंशी वर्षांच्या अंतराने, दोन असे प्रयोग उभे राहिले की ज्यांनी 'जीवनकौशल्य' हा शब्द न वापरता तरुण मुलामुलींना जगण्याचे बळ दिले. दौंड तालुक्यातील केडगाव येथील पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आणि शिरूर तालुक्यातील पाबळ येथील डॉ. श्रीनाथ कलबाग यांचा विज्ञान आश्रम हे ते दोन प्रयोग होत. एकामागे ख्रिस्ती श्रद्धा आहे, दुसऱ्यामागे प्रयोगशाळेतील वैज्ञानिकाची दृष्टी. त्यांना एकत्र आणणे काहींना विजोड वाटेल, परंतु शील आणि कौशल्य यांचे नाते समजून घेण्यासाठी ही तुलना उपयुक्त ठरते असे मला वाटते.

यादीचे शिक्षण

महाराष्ट्रातील अनेक जुन्या प्राथमिक शाळांच्या पाटीवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी अक्षरे आढळतात. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर देशात जो मूलोद्योग शिक्षणाचा विचार पसरला, त्याची ही खूण. त्या शब्दयोजनेत जीवन हेच शिक्षणाचे क्षेत्र आहे असे गृहीत होते. 'जीवनकौशल्य' या नव्या शब्दात जीवन हे कौशल्याचे विशेषण होते, आणि कौशल्य ही व्यक्तीच्या अंगी बाणवावयाची, मोजता येणारी, प्रमाणपत्र देता येणारी वस्तू होते. शब्दांच्या या बदलाला फार महत्त्व देऊ नये असे कोणी म्हणेल. पण बदल केवळ शब्दांचा राहिलेला नाही.

पदवीच्या प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना हे प्रकर्षाने जाणवते. दहाही जीवनकौशल्ये क्रमाने लिहिणारे विद्यार्थी संख्येने कमी नसतात. 'परिणामकारक संप्रेषण' या मुद्द्याखाली आठ उपमुद्दे येतात. त्याच विद्यार्थ्याला तलाठी कार्यालयाकडे करावयाचा साधा अर्ज लिहावयास सांगितला असता तो मित्राच्या वहीत डोकावू लागतो. दोष त्याचा नाही. ज्याची परीक्षा घेतली जाते ते तो शिकला आहे, आणि परीक्षा यादीची घेतली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील किशोरवयीन मुलामुलींचे जीवन आज कोणत्या परिस्थितीत घडते आहे? रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी रोजगार आणले. त्यांतील मोठा भाग कंत्राटी आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, गुऱ्हाळे व कारखाने चालले, आणि दरवर्षी ऊसतोड मजुरांची मुले हंगामापुरती येऊन अर्ध्या वर्षात निघून जाऊ लागली. उसातल्या बिबट्याच्या भीतीने संध्याकाळची शिकवणी सोडणाऱ्या मुली आहेत. महामार्गालगतच्या जमिनीचे पैसे हाती आलेली घरे आहेत आणि त्याच गावात भूमिहीन घरेही आहेत. अशा मुलाला 'ताणतणावांचे समायोजन' शिकवताना ताणाचे मूळ कोठे आहे याची चर्चा टाळली, तर त्या शिक्षणाचा अर्थ 'जे आहे ते सोस' एवढाच उरतो. कंत्राट संपल्याचा निरोप वडिलांना भ्रमणध्वनीवरील संदेशाने येतो त्या घरातील मुलाला दीर्घ श्वसनाचा उपाय सांगणे चुकीचे नाही. ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण मुलाला शिक्षकाच्या आधी कळते.

मूल्यशिक्षणाच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा व सणसवाडी परिसरात हिंसाचार उसळला. त्याची कारणे इतिहासाच्या अन्वयार्थात, जातिसंबंधांत व राजकारणात आहेत, आणि त्यांचा दोष शाळेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही त्या वर्षी विशी-पंचविशीत असलेली महाराष्ट्रातील पिढी ही मूल्यशिक्षणाच्या परिपाठातून गेलेली पिढी होती, हे विसरता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेनंतर उच्चारलेले मूल्य आणि चौकात उभे राहिल्यावर होणारे वर्तन यांच्या दरम्यान शाळेने काय ठेवले होते, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला पाहिजे.

अलीकडच्या काही उपक्रमांनी ही उणीव ओळखली आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू केलेला आणि पुढे राज्यभर विस्तारलेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रम संविधानातील मूल्यांचा आधार घेतो व उपदेशाऐवजी जोडीत, गटात करावयाच्या कृती देतो. परिपाठाच्या तुलनेत ही निश्चितच पुढची पायरी आहे. परंतु तेथेही कृती वर्गाच्या चार भिंतींत घडते, आणि ती चुकली तर कोणाचेही काही बिघडत नाही. केडगाव व पाबळ या दोन्ही ठिकाणी चुकीची किंमत मोजावी लागत असे. माझ्या मते फरक येथे आहे.

'स्त्रीधर्मनीति' ते केडगाव

पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एका गोष्टीकडे शिक्षणाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्यांचे पहिले मराठी पुस्तक 'स्त्रीधर्मनीति' हे १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले. ते आजच्या भाषेत बोलायचे तर चारित्र्यशिक्षणाचे पुस्तक होते. विद्या, विनय, गृहकृत्ये, अपत्यसंगोपन यांविषयी त्यात स्त्रियांना मार्गदर्शन आहे. स्वावलंबनाचा आग्रह त्यात ठळक आहे, परंतु सांगणारी उंचावर आणि ऐकणारी खाली अशी त्याची रचना आहे. वाचताना जाणवते की स्त्रियांच्या दुःस्थितीचे पुष्कळसे उत्तरदायित्व लेखिका स्त्रियांच्याच अज्ञानावर व आळसावर टाकते. आजच्या जीवनकौशल्य हस्तपुस्तिका ज्या सुरात बोलतात त्या सुराशी याचे साम्य विलक्षण आहे: परिस्थिती बाजूला राहते आणि सुधारायची असते ती व्यक्ती.

या पुस्तकाच्या विक्रीने रमाबाईंच्या १८८३ मधील इंग्लंड-प्रवासाला हातभार लावला. पुढे अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धती जवळून अभ्यासली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलले. त्या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, गोदूबाई, पुढे महर्षी कर्वे यांची पत्नी झाली. १८९३ मधील धर्मांतराचा वाद, रानडे-भांडारकरांचे सल्लागार मंडळातून बाहेर पडणे, 'केसरी'ची टीका हा इतिहास सर्वपरिचित असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही.

येथे महत्त्वाचे आहे ते केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवणे शक्य नव्हते. रेल्वेच्या पुणे-दौंड मार्गावर केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर त्यांची सोय करावी लागली. नंतर १९०० च्या गुजरात दुष्काळात ही संख्या कित्येक पटींनी वाढली. उपासमारीने खंगलेल्या, निरनिराळ्या जातींच्या, निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या मुली. त्यांना 'विनय' शिकवणारे पुस्तक वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. विहिरी खणवून शेती उभी करायची होती, रोजची शेकडो जेवणे रांधायची होती. गोठा, भटारखाना, धुलाई, तेलाचा घाणा, शिवण, विणकाम, मुद्रणालय अशी खाती निघाली. मुली खिळे जुळवू लागल्या. अंध स्त्रियांना ब्रेल व टोपल्या विणणे शिकवले गेले. रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद याच मुद्रणालयात छापला गेला व त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला.

सोळा वर्षांत एका नीतिग्रंथाच्या लेखिकेने घेतलेले हे वळण विचार करायला लावणारे आहे. 'स्त्रीधर्मनीति'तील स्वावलंबन हा सल्ला होता. केडगावी ती दैनंदिन व्यवस्था झाली. भटारखान्यातील मुलीने पीठ नीट मळले नाही तर दुसऱ्या मुली उपाशी राहणार, हे तिला कोणी समानुभूतीच्या व्याख्येतून सांगण्याची गरज नव्हती. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मुभा होती. केडगावच्या दुष्काळी मुलींच्या समुदायात श्रमाची वाटणी जातीनुसार होऊ शकत नव्हती. महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात ही घटना लहान नव्हे.

केडगावच्या मर्यादा मात्र झाकून चालणार नाही. संस्था धर्मनिष्ठेच्या कुंपणात होती. त्या कुंपणाआड आलेल्या अनाथ मुलीला श्रद्धेच्या बाबतीत निवड करण्याचे स्वातंत्र्य किती होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो रास्त आहे. चिकित्सक विचार हे कौशल्य मानायचे असेल, तर ज्या संस्थेने मुलींना सर्व उद्योग शिकवले तिने प्रश्न विचारण्याचा उद्योग कितपत शिकवला, याचे उत्तर फारसे समाधानकारक नसावे. आणि आसपासच्या गावांशी या श्रमाचे नाते मर्यादितच राहिले. दौंड तालुक्यातील शाळांच्या शैक्षणिक विचारावर केडगावचा ठसा उमटलेला दिसत नाही. याला जितकी संस्था कारण तितकाच समाजाचा संशयही.

पाबळचा प्रयोग

मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असलेले पाबळ हे शिरूर तालुक्याच्या अवर्षणग्रस्त भागातील गाव. डॉ. कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली, अनेक वर्षे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केले आणि १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह येथे विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र होते. शाळा सोडलेल्या मुलांत बुद्धीची उणीव नाही, शाळेची पद्धत त्यांना परकी आहे आणि हाताने काम करीत शिकणे हीच माणसाची स्वाभाविक रीत आहे, ही त्यांची मूळ धारणा. त्यातून 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी', अर्थात आय.बी.टी., हा शालेय अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार विभागांत काम करायचे, आणि ते काम शक्यतो गावाला उपयोगी पडणारे असावे, अशी त्याची रचना होती. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून त्यास मान्यता दिली. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने पाबळला 'फॅब लॅब' उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा सर्वांत आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. २००३ मध्ये कलबागांचे निधन झाले.

या अभ्यासक्रमाकडे तंत्रशिक्षण म्हणून पाहिले जाते. ते पाहणे अपुरे आहे. फेरोसिमेंटची पाण्याची टाकी बांधणाऱ्या मुलांचा गट घ्या. जाळी किती लागेल याचा हिशोब त्यांनी आधी करायचा, आराखडा काढायचा, सिमेंट-वाळूचे प्रमाण ठरवायचे, मजुरीसह खर्च मांडायचा. टाकी ज्याच्या अंगणात बसणार त्याच्याशी बोलायचे. त्याला वाटते दर जास्त झाला, तर दर का आला हे समजावून सांगायचे. गिलावा झाल्यावर पाणी मारण्याची पाळी एकाने चुकवली तर भेगा पडतात आणि सगळ्या गटाचे नाव जाते. शेवटी टाकी गळते किंवा गळत नाही. शिक्षकाने दिलेल्या गुणांशी वाद घालता येतो, गळक्या टाकीशी घालता येत नाही. निर्णय, संप्रेषण, गटातील संबंध, अपयशानंतरचा संताप आवरणे हे सारे येथे घडून जाते, आणि आपण जीवनकौशल्य शिकलो हे त्या मुलांना बहुधा ठाऊकही नसते.

गृह व आरोग्य विभागातील एक काम याहून अधिक बोलके आहे. विद्यार्थी रक्तगट व हिमोग्लोबिन तपासण्यास शिकतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने शेजारच्या काकूंच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, रंग पडताळायचा आणि प्रमाण कमी असेल तर ते सांगायचे. कसे सांगायचे? काकू घाबरतील, हसण्यावारी नेतील किंवा 'घरात आधी पुरुषांचे ताट होते गं' असे म्हणून गप्प होतील. त्या क्षणी त्या मुलीसमोर रक्ताल्पता, स्त्री-पुरुष समानता, समानुभूती आणि स्वतःच्या घरातील पंगत असे सर्व विषय एकदम उभे राहतात. परिपाठात स्त्री-पुरुष समानतेवरील सुविचार म्हणणाऱ्या मुलीला हा अनुभव कसा मिळावा? आणि आकडा चुकीचा सांगितला तर दुसऱ्याचे नुकसान होते, ही जाणीव सत्यनिष्ठेचा जितका पक्का पाया घालते तितका सत्यावरील कोणताही पाठ घालू शकणार नाही.

श्रम पुरेसा आहे काय?

वरील विवेचनावरून श्रमातून आपोआप शील घडते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार यांची मुले पिढ्यानपिढ्या हाताने काम करीतच शिकली. त्यांना कौशल्य मिळाले. प्रतिष्ठा मिळाली नाही, आणि दुसरे काम निवडण्याचा अधिकार तर मुळीच मिळाला नाही. मूलोद्योग शिक्षणावरील हा जुना आक्षेप आजही टाळता येत नाही. ज्याच्या घरात पिढ्यांनी औजार धरले त्याला शाळेत पुन्हा औजार, आणि ज्याच्या घरात पुस्तक होते त्याला पुस्तक, असे झाले तर श्रमशिक्षण जातिव्यवस्थेचेच दुसरे नाव ठरेल. पाबळच्या अभ्यासक्रमाची जमेची बाजू ही की तेथे सर्व मुलांनी, मुलींसह, चारही विभागांतून जायचे असते. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा चिक्की करतो. वंशपरंपरेचा धागा येथे तुटतो. कामाबरोबर मोजमाप, आराखडा आणि 'असे का?' हा प्रश्न येतो, जो परंपरागत उमेदवारीत क्वचितच विचारू दिला जाई.

या संदर्भात १८८२ हे वर्ष पुन्हा आठवते. 'स्त्रीधर्मनीति' ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी हंटर आयोगापुढे रमाबाईंची साक्ष झाली आणि महात्मा फुले यांनीही आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशोब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि नीती व आरोग्य यांचे थोडे पाठ असावेत, असे त्यांनी मांडले. नीतीला त्यांनी आरोग्याच्या शेजारी, मोजक्या जागेत बसवले. त्याहून लक्षणीय आहे ती शिक्षकाविषयीची त्यांची अपेक्षा: प्रसंगी नांगर किंवा सुताराचे औजार हाती धरण्यास ज्याला लाज वाटणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. विद्यार्थ्याच्या चारित्र्याची चर्चा आपण आजवर खूप केली. फुल्यांनी चर्चा सुरू केली ती शिक्षकाच्या हातापासून.

तासिका, गुण आणि निदेशक

पाबळचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थांनी त्याचा प्रसार केला आणि नंतर व्यावसायिक शिक्षणाच्या नव्या चौकटीत 'मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स' या नावाने तो शासकीय व्यवस्थेत आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवसांचा दप्तरमुक्त कालावधी सुचवला आहे, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण दहा दिवसांत टाकी बांधून ती गळते का हे पाहण्याइतका अवकाश मिळत नाही. भेट होते, छायाचित्र निघते, अहवाल होतो.

आठवड्याचा एक दिवस ही कलबागांची अट होती आणि शाळेच्या व्यवहारात सर्वप्रथम घसरते ती हीच अट. दहावीचे वर्ष आले की तो दिवस गणित व इंग्रजीच्या जादा तासांना दिला जातो. पालकांचा आग्रहही तसाच असतो, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण पुढील प्रवेश गुणांवर ठरतात. 'अभ्यासात मागे असलेल्यांचा विषय' असा शिक्का एकदा बसला की श्रमप्रतिष्ठेचा परिपाठ कितीही वेळा म्हटला तरी तो पुसला जात नाही.

शेवटचा मुद्दा निदेशकांचा. आय.बी.टी.च्या मूळ योजनेत शिकवणारी माणसे गावातली असत: वेल्डिंगचे दुकान चालवणारा, वायरमन, रोपवाटिका सांभाळणारी बाई. फुल्यांना अभिप्रेत असलेला शिक्षक महाराष्ट्राच्या शाळेत प्रत्यक्ष आला तो या वाटेने. तो आला मानधनावर, पुढे कित्येक ठिकाणी बाह्य संस्थेच्या कंत्राटावर. मी पाहिलेल्या शाळांत मुख्याध्यापकांच्या दालनातील कर्मचारी फलकावर त्याचे नाव बहुधा नसते. शिक्षकांच्या बैठकीला त्याला बोलावले जात नाही आणि सुटीच्या महिन्यांचे मानधन त्याला मिळत नाही. मुले हे सर्व पाहतात. नव्या धोरणात स्थानिक तज्ज्ञांना 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून शाळेत आणण्याची तरतूद आहे. त्यांना कोणत्या वेतनावर आणि कोणत्या सेवाशर्तींवर आणायचे, त्यांनी केलेले मूल्यमापन गुणपत्रिकेत कोणत्या रकान्यात धरायचे, आणि त्या रकान्यावर स्वाक्षरी कोणाची असेल, हे शिरूर-दौंडमधील प्रत्येक शाळा समितीला येत्या काही वर्षांत ठरवावे लागणार आहे.